बफर आणि अमिनो ॲसिड: दर वर्षी येणारे तेच ते प्रश्न

बायोकेमिस्ट्री सुरू झालं की पहिल्या महिन्यातच बफर आणि अमिनो ॲसिड येतात आणि निम्मा वर्ग तिथेच गळतो, म्हणून मला सारखे विचारले जाणारे प्रश्न एकदाचे लिहून ठेवतेय. बीएस्सी असो, फार्मसी असो की एमबीबीएसचं पहिलं वर्ष, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. पीकेएच्या व्हॅल्यू पुस्तकागणिक दशांशात बदलतात, त्यावरून ग्रुपवर भांडू नका, मी खाली सगळीकडे एकच सेट वापरलाय. प्रश्न एका ओळीत लावलेले नाहीत, जो अडला असेल तो वाचा, पण पहिला मात्र सगळ्यांनी वाचा.

पीएच आणि पीकेए यात नेमका फरक काय? दोन्हीत लॉग आहे, दोन्ही सारखेच वाटतात.

पीएच (द्रावण किती आम्ल आहे त्याचा आकडा) द्रावणाचा असतो, पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो त्याचा आकडा) रेणूवरच्या एखाद्या ग्रुपचा असतो. पीएच तुमच्या हातात आहे, चार थेंब ॲसिड टाका की बदलला. पीकेए त्या ग्रुपचा स्वभाव आहे, तो तुमच्या थेंबांनी बदलत नाही (तापमान आणि मीठ यांनी थोडा सरकतो, ते पुढे येईल). पीएच ही मोजपट्टी सोरेन्सनने १९०९ मध्ये आणली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये, म्हणजे चक्क बिअर कंपनीच्या लॅबमध्ये.

आता कामाची गोष्ट. पीएच पीकेएच्या खाली असेल तर प्रोटॉन ग्रुपवर बसलेला असतो, वर असेल तर निघून गेलेला असतो, आणि दोन्ही सारखे असतील तर बरोबर निम्म्या रेणूंवर असतो. बस. या धड्यात जे काही विचारतात, बफर, चार्ज, पीआय (ज्या पीएचला रेणूचा नेट चार्ज शून्य होतो तो), टायट्रेशन, इलेक्ट्रोफोरेसिस (चार्जवाले रेणू विजेने पळवून वेगळे करणं), ते सगळं म्हणजे हाच एक प्रश्न वेगवेगळे कपडे घालून आलेला असतो: प्रोटॉन आत्ता कुणाकडे आहे? गणित सुरू करायच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारलात तर निम्म्या चुका होतच नाहीत.

बफर पीएच बदलू देत नाही, बरोबर?

नाही, बदलू देतो, पण कमी. बफर म्हणजे कमजोर ॲसिड आणि त्याचाच बेस यांची जोडी. एक लिटर साधं पाणी घ्या आणि त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक ॲसिड टाका, पीएच ७ वरून थेट २ वर येईल. आता एक लिटर असा बफर घ्या ज्यात ०.१ मोलर असेटिक ॲसिड आणि ०.१ मोलर सोडियम असेटेट आहे, त्याचा पीएच ४.७६. त्यात तेवढंच ॲसिड टाका. आलेला प्रोटॉन असेटेट उचलतं, असेटेट ०.१० वरून ०.०९ होतं, ॲसिड ०.१० वरून ०.११ होतं, पीएच येतो ४.६७. एकीकडे पाच युनिटची घसरण आणि दुसरीकडे दहावा हिस्साही नाही.

परीक्षेत 'रेझिस्ट्स चेंज' लिहिलं तर पूर्ण मार्क, 'प्रिव्हेंट्स चेंज' लिहिलं तर कडक सर असतील तर अर्धा गेला.

हेंडरसन-हॅसलबाल्क पाठच करावं लागतं का?

लागतं, पण ते इतकं छोटं आहे की तक्रार करू नका: पीएच = पीकेए + लॉग (बेस ÷ ॲसिड). हेंडरसनने १९०८ मध्ये मूळ समीकरण दिलं, हॅसलबाल्कने १९१६ मध्ये ते लॉगमध्ये मांडलं, आणि दोघंही रक्ताचाच विचार करत होते, म्हणजे हे समीकरण वैद्यकातूनच आलंय.

कोण वर आणि कोण खाली हे विसरत असाल तर असं बघा, बेस जास्त असेल तर पीएच वाढायलाच हवा, म्हणून बेस वर. लॉग टेबल नसेल तर तीन आकडे पुरतात: लॉग २ म्हणजे ०.३, लॉग ३ म्हणजे ०.४८, लॉग १० म्हणजे १. पेपर काढणारे बहुतेक वेळा यातलाच आकडा देतात, कारण त्यांनाही उत्तर तपासायचं असतं.

बफर पीकेएच्या वर-खाली एकच युनिट चालतो असा नियम का? दीड का नाही?

एक युनिट वर म्हणजे बेस आणि ॲसिड १० ला १, खाली म्हणजे १ ला १०. त्याच्या पलीकडे गेलात की एक भिडू इतका कमी उरतो की त्या बाजूने आलेला धक्का झेलायला माणूसच नाही. निसर्गाने तिथे रेघ मारलेली नाही, ती आपली सोय आहे. सगळ्यात जास्त ताकद पीकेएवरच असते, आणि तिथून दूर जाल तशी ती आधी हळू आणि मग भराभर कमी होते.

मग रक्ताचं काय? बायकार्बोनेटचा पीकेए ६.१ आणि रक्त ७.४. हा तर नियम मोडला.

हा प्रश्न ज्याला पडला त्याला विषय समजायला लागलाय. ६.१ आणि ७.४ यात १.३ चं अंतर आहे, म्हणजे बेस आणि ॲसिड २० ला १. आकडे बघा: रक्तात बायकार्बोनेट साधारण २४ मिलीमोलर, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलीमोलर (४० मिलिमीटर पाऱ्याचा दाब गुणिले ०.०३). वरच्या हिशोबाने हा फालतू बफर ठरायला हवा, आणि बंद बाटलीत तो खरंच फालतू आहे.

बंद बाटलीत एक लिटरमागे १० मिलीमोल ॲसिड टाका. बायकार्बोनेट २४ चं १४ झालं, आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आतच अडकला म्हणून १.२ चा ११.२ झाला. पीएच आला ६.२ च्या आसपास, म्हणजे माणूस गेला. पण शरीर बंद बाटली नाही. फुप्फुसं तो जादाचा वायू बाहेर टाकतात, तो १.२ वरच राहिला असं धरा, तर पीएच येतो साधारण ७.१७. आणि श्वास जोरात सुरू होऊन दाब ४० वरून ३० वर आणला तर वायू ०.९ मिलीमोलर होतो आणि पीएच ७.२९ पर्यंत परत येतो. ॲसिड तेवढंच, बायकार्बोनेट तेवढंच, फरक फक्त दार उघडं असण्याचा.

डायबेटिक कीटोॲसिडोसिसचा पेशंट खोल आणि जोरजोरात श्वास घेत असतो ते याचसाठी, त्याला कुस्माउल श्वसन म्हणतात. उलट घाबरून नुसताच भराभर श्वास घेतला तर वायू गरजेपेक्षा जास्त निघून जातो, पीएच वर चढतो आणि बोटांना मुंग्या येतात. श्वासाचं काम मिनिटांत होतं, बायकार्बोनेट परत भरायचं काम किडनी करते आणि तिला तास-दिवस लागतात. वैद्यकवाल्यांनो, पुढची सगळी एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) याच परिच्छेदावर उभी आहे, इथे घाई करू नका.

आणि हो, पेशीच्या आत फॉस्फेट (दुसरा पीकेए ७.२) आणि प्रोटीनमधली हिस्टिडिन ही मंडळी जास्त काम करतात.

मी ७.४ चा फॉस्फेट बफर हेंडरसनने काढला तर ६१:३९ आलं, मॅन्युअलमध्ये ७७:२३ आहे. कोण चुकलं?

कुणीच नाही, आणि वर्गात हे कुणी सांगत नाही याचा मला फार राग येतो. तुमचं गणित बघू: ७.४ वजा ७.२ म्हणजे ०.२, त्याचा अँटिलॉग १.५८, म्हणजे शंभरात साधारण ६१ भाग डायसोडियम आणि ३९ भाग मोनोसोडियम फॉस्फेट. बरोबर आहे. ०.१ मोलर सोडियम फॉस्फेटच्या नेहमीच्या टेबलमध्ये मात्र ७७.४ आणि २२.६ असतं. त्यावरून उलटं गणित केलं तर पीकेए येतो ६.८६ च्या आसपास.

७.२ हा पीकेए जवळजवळ शुद्ध, अतिशय पातळ द्रावणाचा आहे. ०.१ मोलर द्रावणात आयनांची गर्दी असते, आणि दोन ऋण चार्ज असलेल्या फॉस्फेटला भोवतीचे सोडियम आयन सावरून घेतात, त्यामुळे तो फॉर्म जास्त सोपा पडतो आणि प्रोटॉन सोडणं थोडं सुकर होतं. म्हणून पीकेए खाली सरकतो. जितका चार्ज जास्त तितका हा सरकण्याचा प्रकार मोठा, म्हणून फॉस्फेटमध्ये तो ठळक दिसतो आणि असेटेटमध्ये कमी.

तर लेखी परीक्षेत ७.२ वापरा आणि ६१:३९ लिहा, लॅबमध्ये टेबल वापरा आणि शेवटी पीएच मीटरने बघा. नुसतं कागदावरचं गणित करून बफर बाटलीत भरून लेबल लावणारे लोक मी बघितलेत, त्यांचे एन्झाइमचे रिझल्ट जुळत नाहीत आणि मग दोष एन्झाइमला.

आणखी एक, याच कारणाने १० पट स्टॉक बनवून त्याचाच पीएच ७.४ लावला आणि नंतर पातळ केला तर तो ७.४ राहत नाही, वर जातो. पातळ केल्यावरचा पीएच महत्त्वाचा.

ट्रिस बफरचा पीएच सकाळी बरोबर होता, कोल्ड रूममध्ये नेल्यावर बदलला. मीटर खराब आहे का?

मीटर ठीक आहे, ट्रिसच तसा आहे. तापमान एक डिग्री सेल्सियस वाढलं की ट्रिसचा पीकेए साधारण ०.०२८ ने खाली येतो. ऐकायला काही नाही, पण २५ डिग्रीला ७.५ लावलेला बफर ४ डिग्रीला ८.१ च्या जवळ असतो, आणि ३७ ला ७.१६. आपल्याकडे तर विदर्भात मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये ३५ डिग्री सहज असतं, तिथे पीएच लावला आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर जवळजवळ ०.९ चा फरक पडतो. ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला पीएच लावा. मीटरवरचं तापमानाचं बटण इलेक्ट्रोडचा हिशोब दुरुस्त करतं, तुमच्या ट्रिसचा पीकेए नाही, हा गैरसमज फार पसरलाय.

फॉस्फेट या बाबतीत शहाणं आहे, जवळपास हलत नाही. हेपेस, मॉप्स वगैरे नॉर्मन गुडने १९६६ पासून पुढे आणलेले बफर मधल्यामध्ये पडतात.

कोणत्या पीएचला कोणता बफर? चटकन सांगा.

५ ला असेटेट. ६ ला मेस किंवा सिट्रेट. ७ ला फॉस्फेट किंवा मॉप्स. ७.५ ला हेपेस. ८ ते ८.५ ला ट्रिस. १० ला ग्लायसिन-सोडियम हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट. एन्झाइमला फॉस्फेट आवडत नसेल तर अर्थात फॉस्फेट नाही.

पीएच लावताना एचसीएल जास्त पडलं, मग सोडियम हायड्रॉक्साइड टाकून परत आणलं. चालेल ना?

पीएच परत येईल, पण तुम्ही मधल्यामध्ये मीठ तयार केलंत. साध्या प्रॅक्टिकलला चालून जाईल, आयन एक्स्चेंज कॉलमला नाही. पीएच जवळ आला की पातळ ॲसिड वापरा, आणि सुरुवातीलाच पूर्ण व्हॉल्यूम करू नका, ८० टक्के पाण्यात पीएच लावा आणि मग वर पाणी घाला. मीटर ४, ७ आणि ९.२ च्या टॅबलेटने कॅलिब्रेट करा, आणि इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवू नका, तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवतात.

बारावीच्या पुस्तकात अमिनो ॲसिडवर चार्ज नव्हता, आता एकदम प्लस आणि मायनस. खरं कुठलं?

पाण्यात चार्जवालं खरं. पहिल्या प्रश्नातला नियम लावून बघा: ग्लायसिन घ्या, पीएच ७ हा त्याच्या कार्बोक्सिलच्या २.३४ या पीकेएच्या खूप वर, म्हणजे त्याचा प्रोटॉन गेला, मायनस. ७ हा अमिनोच्या ९.६० च्या खूप खाली, म्हणजे त्याचा प्रोटॉन आहे, प्लस. दोन्ही एकाच रेणूवर, हाच झ्विटरआयन. बिनचार्जचा फॉर्म हवा असेल तर कार्बोक्सिलवर प्रोटॉन आणि अमिनोवर नाही असं एकाच वेळी व्हायला हवं, असा एकही पीएच नाही जिथे तो फॉर्म जास्त संख्येने असेल.

पुरावा हवा असेल तर ग्लायसिन तापवून बघा, २३० डिग्रीच्या वर जाऊन ते वितळण्याऐवजी जळायला लागतं, एवढ्याशा रेणूसाठी हे फार आहे. मिठासारखा स्फटिक आहे तो, आत प्लस-मायनसची ओढ आहे. पाण्यात मस्त विरघळतो, ईथरमध्ये नाही.

ग्लायसिनचा कार्बोक्सिल २.३४ आणि असेटिक ॲसिडचा ४.७६. ग्रुप एकच, मग एवढा फरक?

शेजारी कोण बसलंय ते बघा. ग्लायसिनमध्ये लगेच बाजूला प्लस चार्जवाला अमिनो आहे, तो इलेक्ट्रॉन ओढतो आणि तयार होणाऱ्या मायनसला आधार देतो, म्हणून प्रोटॉन लवकर सुटतो. शंभर पटींहून जास्त तगडं ॲसिड झालं ते. हेच ग्लुटामेटच्या बाजूच्या साखळीत बघा, तिथला कार्बोक्सिल दोन कार्बन लांब आहे म्हणून त्याचा पीकेए ४.२५, म्हणजे असेटिकच्या जवळ. अस्पार्टेटचा एक कार्बन जवळ, म्हणून ३.६५. हे समजलं की पाठ करायचे आकडे कमी होतात.

टायट्रेशन कर्व्ह काढता येतो पण वाचता येत नाही.

आडवा भाग दिसला की तिथे बफर आहे, उभा भाग दिसला की तिथे बफर नाही. ग्लायसिन हायड्रोक्लोराइडपासून (दोन्ही ग्रुपवर प्रोटॉन आहे) सुरू करा. अर्धा इक्विव्हॅलंट (रेणूंच्या निम्मा) बेस टाकला की पीएच २.३४, आडवं. एक पूर्ण झाला की ५.९७, उभं, इथे सगळे रेणू झ्विटरआयन, हाच पीआय. दीड झाला की ९.६०, परत आडवं. दोन झाले की संपलं. मुलं नेहमी पीआयला बफर म्हणतात, तिथे तर ग्लायसिन सगळ्यात वाईट बफर असतं.

प्रॅक्टिकलला फॉर्मॉल टायट्रेशन असतं ते याचमुळे: ९.६० इतक्या वर असलेला ग्रुप फिनॉल्फ्थॅलीनने धड पकडता येत नाही, फॉर्मल्डिहाइड टाकलं की ते अमिनोला चिकटतं, पीकेए खाली येतो आणि शेवटचा बिंदू ठसठशीत दिसतो. ही पद्धतही सोरेन्सनचीच.

तीन पीकेए असतील तर पीआयसाठी कुठले दोन घ्यायचे?

ज्यांच्या मध्ये नेट चार्ज शून्य असतो ते दोन. सगळ्यात आम्ल टोकापासून चार्ज लिहीत खाली या. ग्लुटामेट: +१, मग २.१९ नंतर ०, मग ४.२५ नंतर −१, मग ९.६७ नंतर −२. शून्य आहे २.१९ आणि ४.२५ च्या मध्ये, सरासरी ३.२२. लायसिन: +२, २.१८ नंतर +१, ८.९५ नंतर ०, १०.५३ नंतर −१. म्हणजे ८.९५ आणि १०.५३, सरासरी ९.७४. हिस्टिडिन ६.०० आणि ९.१७, म्हणजे ७.५९. तिन्हींची सरासरी काढणाऱ्यांना दर वर्षी शून्य मिळतो, आणि मिळायलाच हवा.

पेप्टाइडचा चार्ज काढताना माझं उत्तर कायम एक-दोनने चुकतं.

कारण तुम्ही पेप्टाइड बॉंडमध्ये अडकलेले ग्रुप पण मोजताय. साखळीत एकच मोकळा अमिनो (सुरुवातीचा) आणि एकच मोकळा कार्बोक्सिल (शेवटचा) असतो, बाकी सगळे बॉंडमध्ये गेले, उरतात फक्त बाजूच्या साखळ्या.

लायसिन-ग्लायसिन-ग्लुटामेट-हिस्टिडिन घेऊ. पीएच ७ ला सुरुवातीचा अमिनो +१, लायसिनची साखळी +१, ग्लुटामेट −१, शेवटचा कार्बोक्सिल −१, आणि हिस्टिडिनचा पीकेए ६ म्हणून अकरात एकावर प्रोटॉन, म्हणजे साधारण +०.१. एकूण +०.१, म्हणजे जवळपास शून्य. पीएच ५ ला हिस्टिडिन +०.९, ग्लुटामेट −०.८५ (अजून सगळे सुटलेले नाहीत), एकूण +१ च्या थोडं वर. पीएच ११ ला सुरुवातीचा अमिनो गेला, लायसिनचा पाव हिस्सा उरला, हिस्टिडिन शून्य, दोन मायनस आहेतच, एकूण −१.७५. (खऱ्या पेप्टाइडमध्ये सुरुवातीच्या अमिनोचा पीकेए ८ च्या आसपास असतो, सुट्या लायसिनचा ८.९५ मी सोयीसाठी घेतला.)

वीसही अमिनो ॲसिड पाठ करायची?

नावं आणि स्ट्रक्चर हो, त्याला इलाज नाही. पण पीकेए फक्त सात बाजूच्या साखळ्यांचे लागतात: अस्पार्टेट ३.६५, ग्लुटामेट ४.२५, हिस्टिडिन ६.००, सिस्टीन ८.१८, टायरोसिन १०.०७, लायसिन १०.५३, आर्जिनिन १२.४८. आर्जिनिनचं नव्याने मोजलेलं उत्तर १३.८ च्या जवळ आहे, पण परीक्षेत जुनंच चालतं, आणि अर्थ एकच की प्रोटीनमध्ये त्याच्यावर कायम प्लस असतो.

बाकी सुटी माहिती: ग्लायसिनला उजवं-डावं (आरशातली दोन वेगळी रूपं) नाही, प्रोलिन निनहायड्रिनला (अमिनो ॲसिड ओळखायचं रसायन) जांभळा रंग न देता पिवळा देतं, २८० नॅनोमीटरला ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन शोषतात, फेनिलअलानिन तिथे दिसत नाही. ग्लायसिन नॉनपोलर की पोलर यावर पुस्तकांचं एकमत नाही, तुमच्या सरांचं पुस्तक धरा.

हिस्टिडिनचं एवढं कौतुक का?

कारण शरीराच्या पीएचजवळ पीकेए असलेली ती एकटीच बाजूची साखळी आहे. सुटं हिस्टिडिन ७.४ ला फक्त ४ टक्के प्रोटॉनवालं असतं, पण प्रोटीनच्या घडीत शेजाऱ्यांमुळे पीकेए सरकून ७ च्या आसपास येऊ शकतो, आणि मग ते घेणं आणि देणं दोन्ही करतं. एन्झाइमच्या ॲक्टिव्ह साइटवर ते सारखं दिसतं ते यासाठीच. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ३८ हिस्टिडिन असतात, म्हणून तो नुसता ऑक्सिजनचा हमाल नाही, रक्तातला मोठा बफरही आहे. स्नायूंत ऑक्सिजन सोडताना तो प्रोटॉन उचलतो, फुप्फुसात उलटं करतो, हाच बोर इफेक्ट, १९०४ चा. (हा बोर क्रिस्तियान, अणूवाल्या नील्सचे वडील.)

पीआयचा प्रत्यक्षात उपयोग काय, की फक्त मार्कांसाठी?

घरात दही लागतं ना, तिथे उपयोग. दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास, केसिनचा पीआय ४.६. म्हणजे दुधात केसिनवर मायनस जास्त, त्याचे गोळे एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. विरजणातले बॅक्टेरिया लॅक्टिक ॲसिड बनवतात, पीएच ४.६ कडे उतरतो, नेट चार्ज शून्याकडे जातो, ढकलाढकल थांबते आणि केसिन एकमेकाला धरतं. (सोबत गोळे बांधून ठेवणारं कॅल्शियम फॉस्फेटही विरघळून सुटतं, त्याचाही वाटा आहे.) लॅबमध्ये दुधातून केसिन काढायचं प्रॅक्टिकल हेच, फक्त बॅक्टेरियाऐवजी पातळ असेटिक ॲसिड. आणि ॲसिड जास्त टाकलं तर केसिन परत विरघळायला लागतं, कारण आता त्यावर प्लस येतो. ज्यांचा गोळा गायब होतो त्यांनी हे तपासा.

सिकल सेलमध्ये एकच अमिनो ॲसिड बदलतं, तेवढ्याने इलेक्ट्रोफोरेसिसवर दिसतं?

दिसतं, कारण जे गेलं त्यावर चार्ज होता आणि जे आलं त्यावर नाही. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन. एका हिमोग्लोबिनमध्ये दोन बीटा, म्हणजे दोन मायनस गेले. पीएच ८.६ च्या बफरमध्ये दोन्ही हिमोग्लोबिन मायनसच असतात आणि प्लस टोकाकडे पळतात, पण सिकलवालं दोन मायनसने कमी म्हणून मागे राहतं. पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा फरक दाखवला, पीआयमध्ये साधारण ०.२ चा, आणि नेमकं कुठलं अमिनो ॲसिड ते इंग्रॅमने नंतर, १९५६-५७ मध्ये शोधलं.

महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार बराच आहे, तिकडच्या मुलांनी गावात तपासणी शिबिरं बघितली असतील. तिथे आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात आणि पॉझिटिव्ह आलं की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (कॉलमने रेणू वेगळे करायची पद्धत), कारण सोल्युबिलिटी टेस्टवर वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखू येत नाहीत, इलेक्ट्रोफोरेसिसवर येतात: वाहकाला दोन पट्टे, रुग्णाला मुख्य पट्टा सिकलचाच. आता घरचा अभ्यास: हिमोग्लोबिन सी मध्ये त्याच जागी लायसिन येतं, ते कुठे थांबेल? सिकलच्याही मागे. का ते स्वतः लिहा.

एसडीएस-पेजच्या बफरमध्ये ग्लायसिन कशाला? आणि दोन जेलचे पीएच वेगळे का?

एसडीएस-पेज म्हणजे डिटर्जंट लावलेली प्रोटीन जेलमध्ये विजेने आकाराप्रमाणे वेगळी करणं, आणि लेमलीची १९७० ची ही पद्धत म्हणजे वरचं सगळं एका जेलमध्ये. वरचं स्टॅकिंग जेल ६.८, खालचं ८.८, रनिंग बफर ८.३. ग्लायसिनच्या अमिनोचा पीकेए ९.६. पीएच ६.८ ला हजारात जेमतेम एक-दोन ग्लायसिनवर नेट मायनस, बाकी झ्विटरआयन, म्हणजे ते रांगतं. जेलमधलं क्लोराइड पुढे सुसाट. मध्ये अडकलेली प्रोटीन दाबली जाऊन बारीक रेघ होते. खालच्या जेलमध्ये पीएच वाढला की ग्लायसिनवर मायनस वाढतो, ते वेगाने प्रोटीनला मागे टाकून निघून जातं आणि मग प्रोटीन आपापल्या आकाराप्रमाणे वेगळी होतात. स्टॅकिंगचा पीएच चुकून ८.८ केलात तर रेघ होतच नाही, पट्टे जाड आणि फिसकटलेले येतात. ट्रिसच्या दोन बाटल्यांची अदलाबदल ही त्याची नेहमीची गोष्ट, लेबल मोठ्या अक्षरात लिहा.

वरण-भातात सगळी अमिनो ॲसिड मिळतात हे खरं का?

बऱ्यापैकी खरं. तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, एकत्र खाल्लं की एकमेकांची उणीव भरतात. एकाच घासात खायला पाहिजे असं नाही, दिवसभरात मिळालं तरी चालतं.

माझा फॉस्फेट बफर गढूळ झालाय. टाकून देऊ?

कधी झाला त्यावर आहे. कॅल्शियम क्लोराइड टाकल्या-टाकल्या पांढरं झालं असेल तर ते कॅल्शियम फॉस्फेट आहे, तो बफरच त्या प्रयोगाला चुकीचा, हेपेस किंवा ट्रिस घ्या. फ्रिजमधून काढल्यावर तळाशी खडे दिसत असतील आणि स्टॉक दाट असेल तर डायसोडियम फॉस्फेट थंडीत बाहेर पडलंय, कोमट करून हलवा, विरघळेल. आठवडाभर टेबलावर राहून धागे-धागे किंवा ढगासारखं आलं असेल तर ती बुरशी किंवा बॅक्टेरिया, फॉस्फेट त्यांचं खाद्य आहे, ते सरळ फेकून द्या आणि बाटली धुवून ऑटोक्लेव्ह करा. गाळून वापरायचा मोह होतो, पण जंतूंनी सोडलेले प्रोटीएज गाळणीतून खाली येतात आणि तुमचं प्रोटीन खातात.